काचेआडचं ऊन

चांगली काच कोणती, असं माझ्या सासऱ्यांना विचारलं तर ते सांगतात, जी दिसत नाही ती. एकदा एक गिऱ्हाईक आमच्या दुकानाच्या दारावर नाकाने आपटलं. नाक सुजलं, चष्मा वाकला, आणि त्याला पाण्याचा पेला देताना माझे सासरे इतके खूश दिसत होते की तो माणूस आणखीनच चिडला. दार उघडंच आहे असं वाटलं, म्हणाला. सासऱ्यांच्या लेखी याहून मोठी पावती नाही.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी दुकानात बसायला लागले. मापं घेणं, ऑर्डरी घेणं, गिऱ्हाइकांची समजूत काढणं हे माझ्याकडे. नवरा टेम्पो घेऊन फिटिंगला जातो. काच मात्र सासरेच कापतात. सत्तरी उलटली तरी कापायचा हिरा दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. काचेवर एका दमात एकच रेघ ओढतात, खालून हलकी टिचकी मारतात आणि काच मुकाट्याने दोन होते. मग तिच्या कडेवरून उघडा अंगठा फिरवतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण त्या अंगठ्याला डोळ्यांना न दिसणारी चीरही कळते. त्यांनी बाजूला काढलेली काच मी उजेडात धरून धरून पाहते आणि मला काही सापडत नाही, पण चार दिवसांनी ती तिथेच तडकते.

हे कौतुक ऐकून गैरसमज नको. घरात हा माणूस म्हणजे डोक्याला ताप आहे. "मी सांगतो ना" या तीन शब्दांवर त्यांचा संसार झाला. दिवा कुठे लावावा, भाजी किती बारीक चिरावी, सर्दीला काय घ्यावं, सगळं त्यांना ठाऊक. माझं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि आम्ही दोघांनीही ते कधी लपवलं नाही.

त्यांना गप्प करू शकेल असं माणूस जगात एकच होतं, त्यांची थोरली बहीण. माझ्या नवऱ्याची आत्या, म्हणून आम्ही सगळेच तिला आत्या म्हणतो. आत्याने सगळी नोकरी सिनेमाच्या थेटरात केली. हातात बॅटरी घेऊन अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायच्या. लग्न केलं नाही. अंधार बघून बघून कंटाळले, आता राहिलेले दिवस उन्हात काढणार, असं म्हणून निवृत्त झाल्यावर तिने एका जुन्या इमारतीत सर्वांत वरची खोली घेतली, कारण खोलीबाहेर गच्ची होती. त्या गच्चीवर ती आणि तिची घाई राहायची.

घाई म्हणजे कासव. जमिनीवरचं, दोन्ही तळहातांत जेमतेम मावेल एवढं. हे नाव आत्यानेच ठेवलेलं. "घाईला जरा दम नाही," असं ती पाहुण्यांना सांगायची, आणि घाई तिकडे एका विटेवरून उतरायला अर्धी दुपार घेत असायची.

सासऱ्यांना ती गच्ची बघवायची नाही. फुटक्या टबात माती, तीत वाटेल तसं वाढलेलं तण, विटांचे तुकडे, खडे, आडवं टाकलेलं अर्धं पिंप आणि पाण्याला एक चेपलेली परात. घाईने त्या तणात तोंड घालावं, उन्हात पसरावं, ऊन लागलं की पिंपाच्या सावलीत शिरावं. आत्या कुठून कुठून पाला आणून टाकायची. कधी तुतीची पानं, कधी जास्वंदीची फुलं, निवडुंगाचं काटे काढलेलं पान. एका कोपऱ्यात समुद्रफेसाचा पांढरा तुकडा पडलेला असायचा, घाई तो कधीमधी कुरतडायची. सासरे म्हणायचे, ताई, हे भंगाराचं दुकान आहे, इथे जीव कसा राहतो? आत्या म्हणायची, तू तुझी काच पुस.

मग आत्या जिन्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण हाडं ठिसूळ झालीत, जिना चढण्याचं नाव इतक्यात काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तिची रवानगी गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात झाली. जाण्याआधी तिने भावाला पलंगाजवळ बोलावलं. मी शेजारीच उभी होते.

"छोट्या, घाई तुझ्याकडे देते. जशी देते तशी मला परत दे."

"जशी देतेस त्यापेक्षा चांगली देईन," सासरे म्हणाले.

माणसाने नुसतं हो म्हणावं. पण ते या घराच्या रक्तात नाही.

घाईचं घर बांधायला त्यांनी दुकानाची कामं मागे टाकली. असलं काम मी त्यांच्या हातूनही आधी पाहिलं नव्हतं. दुकानाच्या दर्शनी भागात, जिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन फिरतं, तिथे काचेचा महाल उभा राहिला. ऊन सरळ यावं म्हणून छताला उतार. कडा अशा घासलेल्या की लहान मुलाने ओठ लावावेत. कुठे पट्टी नाही, चौकट नाही, काच काचेला भिडलेली आणि सांधा शोधून सापडायचा नाही. दुकानातली सर्वांत भारी काच त्यांनी त्याला वापरली, दोन थरांची, मध्ये पातळ पडदा असलेली. खाली गुळगुळीत पांढऱ्या फरश्या, दिवसातून दोनदा पुसायच्या. माती नाही, खडा नाही, तणाचं पान नाही.

खाणंही तसंच राजेशाही. सोललेली काकडी, केळ्याचे काप, पपई, दुधात भिजवलेला पाव, आणि ताकद यावी म्हणून शिजवलेली डाळ. घाई आधी बावरली, मग सोकावली. केळं दिसलं की मान लांब करायची. बघ, आयुष्यात पहिल्यांदा पोटभर जेवते आहे, असं सासरे मला ऐकवायचे. आणि दर रविवारी तिच्या कवचाला तेल लावून मऊ फडक्याने घासायचे. काचवाल्याच्या घरची कासवीण, ती चकाकायला नको?

चकाकायचीही. लोक थांबून बघायचे, मुलं काचेला नाकं लावायची. असंच घर माशांसाठी करून द्या, पोपटासाठी द्या, म्हणून गिऱ्हाइकं यायला लागली. आम्ही आत्याला भेटायला जायचो ते दुकान बंद करून, दिवेलागणीनंतर. ती पलंगावर पडलेली असायची. घाई कशी आहे, हा तिचा पहिला प्रश्न. आणि सासरे खुर्ची पुढे ओढून सांगायचे, ताई, तुला ओळखू येणार नाही.

ते शब्द किती खरे होणार आहेत ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

आत्याचं बरं होणं लांबत गेलं. वर्ष सरत आलं. आणि एका रविवारी तेल लावता लावता सासऱ्यांचा अंगठा थांबला. मी समोर बसून चौकटींचे खिळे निवडत होते. त्यांनी तो अंगठा कवचाच्या कडेवर परत फिरवला. मग हलकेच दाबला. मग मला म्हणाले, इकडे ये, तू दाबून बघ.

मी दाबलं. कड आत गेली. जाड पुठ्ठा ओला झाल्यावर जसा दबतो, तशी. आणि ज्या पाठीवर मी वर्षभर नुसती चमक पाहत होते, तिच्यावर प्रत्येक खवल्याचा उंचवटा झालेला मला त्या दिवशी दिसला. घाईला फरशीवर सोडलं तर ती पुढच्या पायांनी ओढत निघाली. मागचे पाय मागून घसटत येत होते.

इथे एक गोष्ट मला मान्य करायला हवी. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, वयाने होतं असं. दोन दिवस वाट बघू म्हटलं असतं. या हेकट माणसाने तेलाचं फडकं खाली ठेवलं, घाईला टोपलीत घातलं आणि दुकान उघडं टाकून रिक्षासाठी रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मी त्यांच्यामागे धावले.

प्राण्यांची डॉक्टर माझ्याच वयाची, शांत बाई होती. तिने घाईला सर्व बाजूंनी दाबून पाहिलं, जबडा पाहिला, एक्स-रे काढला. आम्हाला पडद्यावर हाडं दाखवली. हाडांच्या जागी धुकं दिसत होतं. कवच म्हणजे वरून घातलेलं चिलखत नाही, ते तिचं हाडच आहे, असं तिने समजावलं. त्याला चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतो. केळ्यात, पावात, डाळीत तो मिळत नाही, उलट असेल तोही जातो. तिला रानटी पाला हवा, गवत हवं, समुद्रफेस हवा. मध्येमध्ये कोमट पाण्यात बसवायला हवं, खालची जमीन ओलसर आणि खडबडीत हवी. आणि तेल अजिबात नको, कवचाला स्पर्श कळतो, त्याला मोकळं राहू द्या.

सासरे मान हलवत होते. जेवणाचं चुकलं हे त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं. मग डॉक्टरांनी विचारलं, ऊन मिळतं का?

त्यांचा चेहरा उजळला. दिवसभर, म्हणाले. सकाळी पहिलं ऊन तिचं, संध्याकाळी शेवटचं तिचं. छताचा कोन मी स्वतः काढलाय.

"काचेतून?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी काच आहे," सासरे म्हणाले. जणू त्यात उत्तर आलं.

डॉक्टर ओशाळल्यासारखं हसली. उन्हातला एक भाग डोळ्यांना दिसत नाही, तिने सांगितलं. त्याच्याशिवाय खाल्लेला चुना हाडात उतरत नाही. तो भाग काच अडवते. साधी काचही अडवते, चांगली तर जास्तच. तुमच्या घरात तिला ऊब मिळाली, उजेड मिळाला. ऊन मिळालं नाही.

सासऱ्यांनी वाद घातला. नम्रपणे, पण घातला. माझ्या काचेतून पलीकडच्या इमारतीवरची अक्षरं वाचता येतात, म्हणाले. ती काही अडवत नाही, तिची अडवायची जातच नाही. डॉक्टरांनी वाद वाढवला नाही. औषध दिलं, आठवड्याने परत आणा म्हणाली. वाचेल का, असं मीच विचारलं. मागचे पाय परत चालू लागले तर वाचेल, म्हणाली. पण पाठीवर जे उंचवटे आले ते आले, ते आता जन्मभर राहणार.

जशी देते तशी परत दे. परतीच्या वाटेवर आम्हा दोघांच्याही डोक्यात तेच घोळत होतं.

दुकानात आलो तर एक बाई वाट बघत उभ्या होत्या. नवीन घराच्या बैठकीला मोठी खिडकी करायची होती. जेवणाचं ठीक आहे, पण काचेचं त्या पोरीला काय कळतंय, असं पुटपुटत सासरे घाईची टोपली टेबलावर ठेवून त्यांच्याकडे वळले. बाई म्हणाल्या, ऊन फार येतं, रेशमी पडदे लावायचेत, विटतील ना? आणि सासरे सुरू झाले. हे त्यांचं बोलणं मला तोंडपाठ आहे. मी गिऱ्हाइकांना तेच सांगते, त्यांच्याकडूनच शिकले.

ही दोन थरांची काच घ्या, ते म्हणाले. उजेड पुरेपूर येणार. पण पडदे विटवतो ना उन्हातला तो भाग, जो दिसत नाही, तो ही काच आत येऊच...

आणि थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. नजर टेबलावरच्या टोपलीकडे गेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. आयुष्यभर लोकांचे पडदे वाचवले. काय अडवल्यामुळे ते वाचतात हे रोज उठून सांगितलं. आणि बहिणीचं कासव त्याच काचेआड वर्षभर ठेवून वर म्हणाले, माझी काच काही अडवत नाही. मलाही सुचलं नाही, आणि मी तर तेच वाक्य बोलून पगार घेते. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. त्याला आमच्यासारखी काचेवर माया करणारी माणसं लागतात.

बाईंना त्यांनी खुर्ची दिली. पडद्यांसाठी हीच काच उत्तम आहे, असं नीट सांगितलं. मग म्हणाले, तुमची मापं माझी सून घेईल, मला जरा काम आहे. आणि हातोडी न घेता पातळ पातं घेऊन काचेच्या महालापाशी गेले.

दिवसाढवळ्या, दर्शनी खिडकीत, रस्त्यावरच्या लोकांदेखत त्यांनी ते घर उतरवलं. सांध्यातलं सिलिकॉन पात्याने कापत, एकेक काच सोडवत. फोडलं असतं तर क्षणात झालं असतं. पण काच फोडायला त्यांचा हात धजत नाही. शिवाय, ते मला नंतर म्हणाले, काचेचा काय दोष? तेवढ्यात नवरा आला. त्याने बाहेर जमलेली माणसं पाहिली आणि हळूच सुचवलं, बाबा, साफसफाई चाललीय म्हणून सांगू, झाकली मूठ राहू दे. लोक तुमच्या या कामावर विश्वास ठेवून येतात.

"म्हणून तर सांगायला हवं," सासरे म्हणाले. "त्या पोपटवाल्यालाही फोन कर."

आणि जो जो विचारेल त्याला त्यांनी सांगितलं. पेपरवाल्याला, शेजारच्या चपला शिवणाऱ्याला, काचेला नाक लावणाऱ्या पोरांना. कासव मऊ पडलं. मी काचेत ठेवलं म्हणून मऊ पडलं. तुमच्याकडे असेल तर काचेत ठेवू नका, बाहेर उन्हात ठेवा, सावलीची जागाही द्या. एकदोघे हसले. आम्ही तर तुम्हाला हुशार समजत होतो, असं एकाने तोंडावर म्हटलं. मीपण, सासरे म्हणाले, आणि पुढची काच सोडवायला वळले. मी मापाची पट्टी हातात धरून उभी होते. त्या दिवशी मला या माणसाबद्दल जे वाटलं ते मी आजवर त्यांना सांगितलेलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटला. इतका की बाईंच्या खिडकीची लांबी मी दोनदा चुकीची वाचली.

मग आत्याचं भंगार आमच्याकडे आलं. नवऱ्याने टेम्पोतून फुटका टब आणला, विटा आणल्या, अर्धं पिंप आणलं, चेपलेली परातसुद्धा. दुकानामागच्या मोकळ्या अंगणात सासऱ्यांनी ते सगळं गच्चीवर होतं तसंच मांडलं. कुठली वीट कुठे होती हे त्यांना बरोबर आठवत होतं. इतकी वर्षं नावं ठेवली, म्हणजे इतकी वर्षं नीट बघितलंही होतं. मांजरं आणि कावळे येऊ नयेत म्हणून वरून जाळी टाकली. काच कुठेही नाही.

सकाळी फिरायला जाताना ते पिशवी नेऊ लागले. रस्त्याकडेचं तण उपटायचं, पण गाड्यांचा धूर बसलेलं नको, फवारा मारलेलं नको. शेजारी विचारायचे, काय हो, बकरी पाळली का? घरी येऊन ते पाला धुवायचे आणि एकेक पान उजेडात धरून बघायचे. केळं बंद झालं तेव्हा घाई रुसली. पाल्याकडे पाठ करून बसायची. सासरे तिच्यासमोर उकिडवे बसून स्वतः एक पान तोंडात धरायचे आणि चावून दाखवायचे. हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेलं आहे. हसू आवरून मी आत वळायचे, कारण मी पाहिलं हे कळलं असतं तर त्यांनी मलाच पाला कसा धुवावा ते शिकवायला घेतलं असतं. शेवटी घाईने एक दिवस जास्वंदीचं फूल ओढलं, मग पान. हळूहळू तिचे मागचे पाय उचलू लागले. ती विटेवर चढली तेव्हा त्यांनी दुकानातून मला हाक मारून बोलावलं आणि आम्ही दोघं न भांडता बराच वेळ तिच्याकडे पाहत उभे राहिलो.

एक गोष्ट मात्र राहिली होती. सगळ्या गल्लीला सांगणाऱ्या या माणसाने बहिणीला काही सांगितलं नव्हतं. भेटायला गेलो की आत्या विचारायची, घाई कशी आहे? आता ते खुर्ची पुढे ओढत नसत. खाते आहे, म्हणायचे. चालते आहे. खोटं एकही नाही आणि खरं तेवढं गिळलेलं. मी एकदा छेडलं तर म्हणाले, कवच घट्ट होऊ दे, मग तिला घेऊनच जाऊ. नुसत्या शब्दांनी सांगायची हिंमत त्यांच्यात नव्हती. पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी त्या बहिणीने त्यांना कडेवर घेऊन शाळेत सोडलं होतं, तिच्यापुढे "मी सांगतो ना" चालत नाही.

कडेची नवी वाढ घट्ट आली, अंगठ्याने दाबून दबेना, डॉक्टरांनीही शाबासकी दिली, तेव्हा त्यांनी जायचं ठरवलं. घाईला गार हवा सोसत नाही म्हणून पहिल्यांदाच आम्ही सकाळच्या उन्हात निघालो. टोपली त्यांच्या मांडीवर होती. वाटेत ते मला म्हणाले, तू बोलू नकोस. मी म्हटलं, मी कशाला बोलू.

आत्या खोलीत नव्हती. परिचारिकेने आम्हाला लांब ओवरीत नेलं. या बाजूला भिंत आणि त्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच. बाहेर हिरवळ, आत ऊन सांडलेलं. ओळीने म्हातारी माणसं खुर्च्यांत बसलेली, आणि त्यांच्यात चाकांच्या खुर्चीवर आत्या, डोळे मिटून, चेहरा उन्हाकडे करून. हाडांसाठी रोज ऊन घ्यायला सांगितलंय ना, परिचारिका म्हणाली, म्हणून सकाळी सगळ्यांना इथे आणून बसवतो. गाद्या-पडदे विटू नयेत अशी खास काच आहे, संस्थेने मुद्दाम बसवून घेतली.

मला ठाऊक होतं. ऑर्डर मीच घेतली होती. काच सासऱ्यांनी कापली होती.

आत्याने डोळे उघडले. भावाला पाहून तिला इतका आनंद झाला की टोपलीकडे तिचं लक्षच गेलं नाही. शेजारच्या आजींना ती म्हणाली, हा माझा धाकटा भाऊ, हे सगळं याच्या हातचं आहे. मग भावाकडे वळली.

"छोट्या, रोज तुझ्याच काचेतून ऊन घेते बघ. काच आहे असं वाटत नाही."

आयुष्यभर जे ऐकायला हा माणूस जगला ते बहिणीच्या तोंडून पहिल्यांदा आलं होतं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. त्यांनी टोपली माझ्याकडे दिली, आत्याच्या खुर्चीमागे गेले आणि चाकांचा अडसर काढला.

"ताई, हे ऊन नाही," ते म्हणाले. "हा नुसता उजेड आहे. चल बाहेर."

परिचारिकेला त्यांनी दोन वाक्यांत समजावलं. ती गोंधळली, डॉक्टरांना विचारते म्हणाली. विचारा, म्हणाले, आणि खुर्ची ढकलत दरवाजातून हिरवळीवर गेले. तिथे, उघड्या उन्हात, त्यांनी घाईला आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः समोर गवतात बसले. सगळं सांगितलं. महाल, केळी, तेल, पडदे. स्वतःची बाजू एकदाही घेतली नाही. जशी दिलीस तशी राहिली नाही, म्हणाले, आणि तशी आता होणार नाही.

आत्याचा हात घाईच्या पाठीवरून फिरत होता. एकेका उंचवट्यावर थांबत, खाली उतरत. डोळ्यांत पाणी होतं, पुसलं नाही. मग तिचा अंगठा कडेला पोचला आणि तिने दाबून पाहिलं. भावासारखाच अंगठा. मला ते इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

"इथून पुढे नीट आलीय," ती म्हणाली.

"हो. इथून पुढे नीट आहे."

"मग झालं," आत्या म्हणाली. जरा वेळाने तिने विचारलं, "आणि मी?"

घाई मांडीवरून खाली उतरायची खटपट करत होती, तिला सासऱ्यांनी गवतात सोडलं. ती दोन पावलं गेली, एक पातं तोडलं आणि चघळत बसली. आत्याने चेहरा वर केला. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते आणि ती ते मिटत नव्हती.

मग सासरे गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ओवरीच्या काचेपाशी गेले. आतली म्हातारी माणसं त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी तळहात काचेवर ठेवला, वर पाहिलं, खाली पाहिलं. सगळ्या बंद काचा, एकही उघडणारी नाही. आपल्या हातच्या इतक्या सुंदर कामाकडे मी त्यांना असं कधी पाहताना पाहिलं नव्हतं.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "टेप काढ. ह्या सगळ्या उघडत्या करायच्या."

टेप माझ्या पर्समध्ये असतेच. मी एक टोक धरलं आणि त्यांनी दुसरं.